उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत : मुंबईच्या गिरण्यांतील कामाच्या तासांचा इतिहास

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास बहुधा भांडवल, यंत्रे आणि संप या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. परंतु त्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाचे आयुष्य ज्या एका गोष्टीने सर्वांत अधिक बांधले गेले, ती म्हणजे त्याच्या कामाचा दिवस. हा दिवस किती तासांचा असावा, त्यातील विश्रांती किती, सुट्टी कोणत्या वाराची, आणि उद्या काम मिळणार की नाही हे कोणी ठरवायचे, या प्रश्नांवर गिरणगावात जवळजवळ शतकभर झगडा चालला. कायद्याने तास मोजण्यास १८८१ साली प्रारंभ केला खरा. पण तास मोजले गेले तरी ज्यांच्या हाती कामगाराचा दिवस प्रत्यक्षात होता, त्या मुकादमापर्यंत, बदलीच्या प्रथेपर्यंत आणि जातीच्या भिंतीपर्यंत कायदा फार उशिरा पोचला, आणि काही ठिकाणी तो पोचलाच नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची सूतगिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली, आणि तेथून मुंबईच्या कापडधंद्याचा आरंभ मानला जातो. चीनशी चाललेल्या अफू व कापसाच्या व्यापारातून साठलेले भांडवल, १८५३ पासून अंतर्भागाकडे वाढत गेलेली रेल्वे, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला आलेला अभूतपूर्व भाव, यांतून शहरात पैसा खेळू लागला. १८६५ च्या मंदीत त्यातला बराचसा बुडाला असला तरी गिरण्यांची वाढ थांबली नाही, आणि शतक संपेपर्यंत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड या टापूत धुराड्यांची दाटी झाली. या टापूलाच पुढे गिरणगाव हे नाव पडले. येथे कामाला येणारा माणूस मुख्यतः कोकणातला होता. १९११ च्या जनगणनेच्या सुमारास गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, तर उरलेल्यांत सातारा, पुणे, कोल्हापूर या घाटावरच्या भागांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. जमिनीचे तुकडे कुटुंब पोसण्यास अपुरे पडू लागले, तेव्हा घरातला एक कर्ता पुरुष मुंबईला जाई, बायको-मुले आणि शेती गावी राही, आणि मनिऑर्डरीच्या रूपाने गिरणीचा पगार शेतसारा व सावकाराचे व्याज भागवी. चाकरमानी या शब्दात कोकणाने हे सगळे नाते साठवले आहे.

सुरुवातीच्या काळात गिरणीतला दिवस सूर्य ठरवीत असे. विजेचे दिवे नव्हते. म्हणून उजाडल्यावर भोंगा होई आणि अंधारून सूत दिसेनासे होईपर्यंत यंत्रे चालत. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबे आणि हिवाळ्यात आखडे. दुपारच्या विश्रांतीचा नियम नसल्याने कामगार चालत्या यंत्राशेजारीच भाकरी खात. रविवार हा सुट्टीचा वार नव्हता, आणि यंत्रे बंद असत त्या दिवशीही ती पुसण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस बोलावले जाई. पगार महिन्याने मिळे, तोही पुढच्या महिन्यात बरेच दिवस उलटून गेल्यावर. तोवर किराणा उधारीवर आणावा लागे आणि व्याज चढे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती, तिला दुहेरी खाडा म्हणत. विणलेल्या कापडात दोष निघाला तर तो तागा विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. कापूस पिंजण्याच्या खात्यात हवेत उडणारी तूस छातीत जाऊन दम लागे. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात धागा तुटू नये यासाठी हवा मुद्दाम दमट आणि उष्ण ठेवली जाई, आणि शेकडो साच्यांचा खडखडाट इतका असे की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागे.

या परिस्थितीत सरकारने हात घालण्याचे पहिले कारण कामगाराविषयीची कणव एवढेच नव्हते, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. मुंबईच्या स्वस्त मालाची स्पर्धा जाणवू लागल्यावर लँकेशायरच्या कारखानदारांनी हिंदुस्थानातही कारखान्यांचा कायदा हवा असा धोशा लावला, आणि १८७५ साली मुंबईत चौकशी आयोग नेमला गेला. गिरणीमालकांनी आणि त्या काळच्या राष्ट्रीय वृत्तीच्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी या हालचालीला परकीयांचा डाव मानून विरोध केला. आरोपात तथ्य होते, पण त्यामुळे सात-आठ वर्षांची मुले यंत्रांखाली राबत होती हे सत्य खोटे ठरत नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी सुधारकाने मालकवर्गाचा रोष पत्करून १८७८ साली कायद्याचा मसुदा पुढे आणला, ही गोष्ट म्हणूनच विशेष महत्त्वाची ठरते. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला तो मात्र अगदी तोकडा होता. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, वाफेसारख्या शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली, आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या तासांबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

या पोकळीत प्रथम बोलले ते नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्याला १८४८ साली जन्मलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असलेले लोखंडे काही काळ गिरणीतच स्टोअरकीपर होते, आणि १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र चालवले. त्यामुळे गिरणीचा आतला व्यवहार त्यांना ठाऊक होता आणि तो मांडण्याचे साधनही हाताशी होते. १८८४ साली त्यांनी सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणाच मन विषण्ण करतो : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई. ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ या नावाने त्यांनी उभारलेल्या संस्थेला वर्गणी, सभासदांची नोंद वा घटना यांचा आधुनिक संघटनेसारखा पाया नव्हता, म्हणून काही अभ्यासक तिला कामगार संघटना म्हणण्यास कचरतात. पण २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, हे पाहता व्याख्येचा वाद गौण ठरतो. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायदेशीर आधार मिळाला, मुलांचे किमान वय नऊ झाले आणि स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर आला. पुरुष अजूनही बाहेरच होता.

त्यानंतर अशी एक वेळ आली की काही महिन्यांपुरती कामगाराची बाजू भारी झाली. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग फुटला आणि लोक गावाकडे पळाले, तेव्हा ओस पडलेल्या गिरण्यांना माणसे मिळेनात. महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली, आणि नाक्यानाक्यावर मुकादम एकमेकांवर चढ करून माणसे उचलू लागले. साथ ओसरताच ही स्थिती पालटली. त्यानंतर आलेली वीज हे या इतिहासातले सर्वांत कठोर वळण होय. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले, त्याच वेळी मालाला मागणी वाढली होती, आणि सूर्याने आजवर घातलेली एकमेव मर्यादा नाहीशी झाली. काही गिरण्या चौदा ते पंधरा तास चालू लागल्या. कामगारांत दंगे झाले, चौकशी समिती आणि त्यामागून आयोग नेमला गेला, आणि अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस प्रथमच मर्यादेत आणला, तो बारा तासांवर. पहिल्या कायद्यापासून या मर्यादेपर्यंत येण्यास तीस वर्षे लागली. या दरम्यान, जुलै १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. आपण काम थांबवले तर शहर थांबते, हे गिरणगावाला उमगले ते त्या आठवड्यात.

तासांच्या या हिशेबामागे गिरणीच्या आत दुसरी एक सत्ता होती. कामगाराची भरती गिरणीचा मालक किंवा व्यवस्थापक करीत नसे. ती जॉबर करी. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम : तो माणसे आणी, त्यांच्यावर देखरेख ठेवी, यंत्राची जुजबी दुरुस्ती करी, रजा देई, आणि नको असलेल्याला काढूनही टाकी. स्त्रियांच्या खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत, हेच काम नाईकीण करी. नोकरी मिळवताना आणि टिकवताना जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. पण तोच जॉबर बहुधा आपल्या गावचा किंवा नात्यातला असे, अडीअडचणीला पैसे उसने देई, राहायला जागा पाहून देई. त्याच्या दहशतीची आणि आधाराची अशी गुंफण झाल्यामुळेच ही प्रथा इतकी चिवट ठरली. बदली कामगाराचे तर संपूर्ण आयुष्यच त्याच्या नजरेवर अवलंबून असे. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी दिवसापुरता घेतला जाणारा माणूस तो बदली. भोंग्यापूर्वी दरवाज्याशी उभे राहायचे आणि हाक आली तर आत जायचे, नाहीतर परत फिरायचे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगाने जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली, आणि १९३५ मध्ये बदली कार्डाची पद्धत आली. कार्डाने नोंद झाली, पण अनिश्चितता गेली नाही, आणि वर्षानुवर्षे बदली राहिलेली माणसे गिरणगावात शेवटपर्यंत होती.

जातीची भिंत याहूनही जुनी आणि अधिक लाजिरवाणी होती. साचे खात्यात पगार सर्वांत चांगला मिळे, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी बसवली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा, या कारणावरून सवर्ण विणकर त्यांना शेजारी उभे करीत नसत. त्यामुळे दलित कामगार कमी पगाराच्या सूतकताई खात्यांत अडकून राहिले. पिण्याच्या पाण्याची भांडीही वेगळी असत. एकाच भोंग्याने आत येणारी, एकाच धुराड्याखाली घाम गाळणारी माणसे अशी विभागलेली होती, आणि कामगार चळवळीने हा प्रश्न स्वतःहून उचलला नाही, हा त्या चळवळीच्या इतिहासावरचा डाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी तो पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला, तेव्हा कुठे त्याला मागण्यांत स्थान मिळाले, आणि तेही सहजासहजी नव्हे.

तो १९२८ चा संप गिरणगावाच्या आयुष्यातला सर्वांत संघटित लढा ठरला. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, सूत कातणाऱ्याने दुप्पट चात्यांवर नजर ठेवावी, अशा योजना काही गिरण्यांनी आणल्या होत्या. तासांची संख्या न वाढवता तासात मावणारे श्रम वाढवण्याची ही रीत होती. कायद्याने दिवस १९२२ मध्ये अकरा आणि आठवडा साठ तासांवर आणला होता, त्याची भरपाई अशी वसूल होऊ लागली. एप्रिल ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले, आणि त्या धामधुमीत श्रीपाद अमृत डांगे, अर्जुन आळवे, एस. एस. मिरजकर आदींची लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, जिच्या गिरणी समित्यांत प्रथमच यंत्रावरचा माणूस निर्णयाला बसू लागला. ना. म. जोशी यांची मवाळ संघटनाही या संपात सामील झाली होती. सहा महिने पगाराविना तग धरता आला, तो गावच्या शेतीमुळे, चाळीतल्या शेजाऱ्यांमुळे आणि खानावळवाल्या बायांनी उधारीवर वाढलेल्या जेवणामुळे. पुढील वर्षी कम्युनिस्ट पुढाऱ्यांवर सरकारने भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात प्रमुख नेते तुरुंगात गेले आणि संघटना खिळखिळी झाली.

खानावळींचा हा उल्लेख ओझरता सोडण्याजोगा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गावचे कितीतरी पुरुष पाळीपाळीने झोपत. दिनपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा टेके. त्यांचे जेवण रांधणाऱ्या, घामाने निथळलेले कपडे धुणाऱ्या बायका कोणत्याही कारखाना कायद्यात कामगार म्हणून मोजल्या गेल्या नाहीत, आणि त्यांच्या दिवसाला तर दिवेलागणीचीही मर्यादा नव्हती. गिरणीच्या आत असलेल्या स्त्रियांची कथा तितकीच कष्टाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कामगारांत त्यांचा वाटा सुमारे पाचवा होता. तान्ह्या मुलाला घरी ठेवून दिवसभर कामावर जायचे, तर ते मूल शांत राहावे म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी देण्याचा रिवाज होता, आणि या रिवाजाला आईचे अज्ञान जबाबदार धरणाऱ्यांनी तिच्या पाळीचे तास मोजले नव्हते. मुंबई प्रांताने १९२९ साली देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. त्या विधेयकाला आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. कायदा न्याय्य होता, पण त्याचा खर्च थेट मालकावर पडत असल्याने स्त्रियांना कामावर न घेण्याकडे कल वाढला, नव्या यंत्रांनी त्यांची खाती आकसली, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षांत त्या गिरण्यांतून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्यांना कामावर ठेवण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, ना सरकारने, ना संघटनांनी.

पुढचे टप्पे वेगाने आले. १९३४ च्या कायद्याने आठवडा चोपन्न तासांवर आला. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने तो अठ्ठेचाळीस तासांवर आणला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवडा अठ्ठेचाळीस तासांवरच कायम केला. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या गिरण्यांसाठी पगाराची प्रमाणित श्रेणी ठरवून दिली व मूळ किमान पगार तीस रुपये केला. आठ तासांच्या तीन पाळ्या, महागाई भत्ता, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी यांनी मिळून कायम कामगाराला जी स्थिरता लाभली, तिच्यातूनच गिरणगावाला शाहिरी, भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी यांसाठी वेळ मिळाला. मोकळी संध्याकाळ ही कवींनाही लागते आणि वाचकांनाही. अण्णाभाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांचे लेखन ज्या श्रोत्यांनी उचलून धरले, त्यांची संध्याकाळ लढून मिळवलेली होती.

मात्र १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकाच संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला, आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. बहुसंख्य कामगारांचा विश्वास दुसरीकडे असला तरी करार त्यांच्या वतीने होत राहिले, हे दुखणे साठत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेल्या संपात पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करणे आणि हा कायदा रद्द करणे या मागण्या होत्या. म्हणजे शतकभर कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेली बदलीची अनिश्चितता त्यांनी अखेर पटावर आणली होती. सरकारने माघार घेतली नाही, मालकांनी विणकाम यंत्रमागांकडे वळवले, आणि संप अधिकृतपणे मागे न घेताच विरत गेला. पुढे गिरण्यांच्या जमिनीच मौल्यवान ठरल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि तिसरा सार्वजनिक घरबांधणीसाठी द्यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यांपुरती आखडली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली.

गिरण्यांतून निघालेले काम भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. तेथे मोठा कारखाना लहान लहान नावांवर वाटून कामगारांची संख्या कायद्याच्या मर्यादेखाली दाखवण्याची वहिवाट पडली, मजुरी विणलेल्या मीटरवर मिळू लागली, आणि पाळी सर्रास बारा तासांची झाली. १९११ च्या कायद्याने मुंबईच्या गिरणी कामगारासाठी घातलेली मर्यादाही बारा तासांचीच होती.